चंदनाच्या वासाचे पट्टे

दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. तोक्योतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. कुणी लिहिलेलं कुठे बिघडतं ते बघायचं आणि त्या माणसाला सभ्य भाषेत कळवायचं. हे काम मला इतकं मानवलं की त्याची सवय घरीही लागली. खरं सांगायचं तर सवय आधीपासूनच होती, पगार नंतर सुरू झाला. नवरा म्हणतो, आपल्या घरात माणसं तीन आहेत आणि चुका फक्त दोघांच्या होतात.

२०११च्या मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी नवऱ्याची इथे बदली झाली. पुण्यातले सगळे 'आत्ताच कशाला तिकडे' म्हणत असताना आम्ही तोक्योच्या कोतो भागातल्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर येऊन राहिलो. पहिली काही वर्षं मी घरीच होते. मग जपानीचा क्लास, मग एका बेकरीत अर्धवेळ काम आणि मग हे ऑफिस. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसत. माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठ्या, बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. इथे आपल्याआधी त्या जागी आलेल्या माणसाला सेम्पाई म्हणतात. मला काम त्यांनीच शिकवलं, म्हणून त्या माझ्या सेम्पाई.

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. चूक झाली की ज्याची झाली त्याने टीमसमोर उभं राहून सांगायचं: मी काय केलं, का केलं, पुढे काय करीन. कुणी ओरडत नाही, कुणी हसत नाही, पाच मिनिटांत सगळे आपापल्या कामाला लागतात. मला ती पाच मिनिटं फार जड जायची. त्यामुळे माझ्या निवेदनात चुका आपोआप घडत. फाइल जुनी राहिली, तपासणी सुटली, तारीख पुढे गेली. त्या फाइलला आणि त्या तारखेला जणू पाय होते आणि मी आपली शेजारी उभी होते. सेम्पाई ऐकून घेत, मान हलवत आणि काही बोलत नसत. आठ वर्षं त्यांनी हे ऐकलं.

स्नोबोर्ड मी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी शिकले, मुलीला शिकवायला नेलं म्हणून. ती दोन दिवसांत शिकली, मला तीन हिवाळे लागले. पडले की मी बर्फाला नावं ठेवायचे, बुटांना ठेवायचे, मागून येणाऱ्या माणसाला ठेवायचे. पडलो तरी नाक वर ही म्हण बहुतेक माझ्यासारख्या कुणाला तरी पाहूनच केली असावी. पण पाचव्या हिवाळ्यापर्यंत मी लिफ्टने वर जाऊन बऱ्यापैकी सरळ खाली येऊ लागले होते.

एका जानेवारीत जेवणाच्या सुट्टीत सेम्पाईंनी मला फोनवर एक फोटो दाखवला. पांढरा डोंगर, त्यावर लिफ्ट नाही, माणसं नाहीत, फक्त एक वळणावळणाची रेघ. "ही माझी," त्या म्हणाल्या. त्या तीस वर्षं डोंगरात जात होत्या. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते थांबलं. आता डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण मार्चअखेर त्या निवृत्त होऊन क्यूशूला जाणार होत्या, नव्वदीतल्या आईला सांभाळायला. तिथे बर्फ म्हणजे फ्रीजमधला. "जायच्या आधी एकदा वर चढून उतरायचं आहे. याल का?" असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मग घरी येऊन, आपण कशाला हो म्हणालो ते इंटरनेटवर बघितलं.

त्या डोंगरात जाण्यासाठी वेगळा बोर्ड लागतो. तो मधोमध उभा चिरलेला असतो. चढताना त्याच्या दोन फळ्या करायच्या, एकेका पायाखाली एकेक घ्यायची आणि चालत वर जायचं. वर पोचल्यावर दोन्ही जोडून पुन्हा एक बोर्ड करायचा आणि घसरत खाली यायचं. आता घसरायच्या फळ्यांवरून चढायचं कसं? तर फळीच्या तळाला एक लांब पट्टा लावतात. त्याच्या एका बाजूला आखूड, दाट लव असते. ती पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवला की मांजर जसं हाताला अडतं, तसं.

बोर्ड आणि पट्टे सेम्पाईंनीच दिले. त्यांच्या यजमानांचे होते. ते साधारण माझ्याच उंचीचे, पाठ दुखायला लागल्यापासून डोंगर सोडून मासेमारीला लागलेले. पट्ट्यांच्या दोन जोड्या दोघांनी एकाच दिवशी घेतल्या होत्या. एक आता माझ्याकडे आली, एक सेम्पाईंकडे राहिली. "सगळं मी तपासलंय," त्यांनी सांगितलं, आणि त्यांनी तपासलंय म्हटल्यावर आमच्या ऑफिसात पुन्हा कुणी तपासत नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही दोघी साध्या उतारावर तासभर चालण्याचा सराव करून आलो. मी बुटांच्या नाड्यांशी झटत होते तेवढ्यात त्यांनी माझे पट्टे लावूनसुद्धा दिले आणि येताना काढून, घडी करून पिशवीत घातले. त्यामुळे पट्ट्याला मी प्रत्यक्ष हात असा लावलाच नव्हता. तो लावला सहलीच्या आदल्या शुक्रवारी.

पिशवी उघडली तर पट्टे स्वतःला घट्ट चिकटून बसलेले. लवेची बाजू बाहेर, दुसरी बाजू आतल्या आत गच्च. मी ओढलं, सुटेना. नवऱ्याला बोलावलं. एक टोक त्याने धरलं, एक मी, आणि आमच्या हॉलमध्ये रस्सीखेच झाली. सुटले तेव्हा नवरा सोफ्यावर पडला. आतली बाजू चिकट होती, बोट लावलं तर बोट धरून ठेवणारी. मला लगेच रेनकोट आठवला. पावसाळा संपला की आई आमचे रेनकोट वाळवायची, आतून बाहेरून पावडर लावायची आणि मगच घडी करून माळ्यावर ठेवायची. एका वर्षी ती विसरली आणि पुढच्या जूनमध्ये रेनकोटाचा एक गोळा निघाला. तेव्हापासून रबर चिकटायला लागलं की ते बिघडलं, हे मला पाठ आहे. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना फळीवर अडकवायचे आकडे होतेच, म्हणजे तो धरून ठेवायची सोय तिथे होती. मधला चिकटपणा हा वयाचा दोष, असं मी निदान केलं. शिवाय मागून आणलेली वस्तू जशी आणली त्याहून चांगली करून परत द्यावी, हेही माझ्यावर लहानपणापासून बिंबवलेलं. सासूबाई दर येणाऱ्या माणसाबरोबर चंदनाच्या टाल्कम पावडरीचा डबा पाठवतात. तो घेतला आणि दोन्ही पट्ट्यांना टोकापासून टोकापर्यंत सढळ हाताने पावडर चोळली.

मुलगी दारात उभी राहून बघत होती. ती माझ्याशी मराठीत वाद घालत नाही, जपानीत घालते. म्हणाली, "ते चिकटच असायला हवं असेल ना?"

"चिकट म्हणजे खराब झालेलं," मी म्हणाले. "तू तुझा अभ्यास कर."

शनिवारी दुपारी आम्ही दोघी गाडीने नागानोला गेलो आणि रविवारी सकाळी डोंगराशी पोचलो. आम्ही चौघं होतो. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, मोजकं बोलणारा गाइड. ओसाकाहून आलेले एक दंतवैद्य, जे गाइडच्या वाटचंही बोलत. सेम्पाई, आणि मी. शेवटच्या लिफ्टवरून उतरल्यावर एक फाटक होतं, तिथल्या पेटीत आमची नावं लिहिलेला कागद टाकला. कोसळलेल्या हिमकड्याखाली कुणी सापडलं तर शोधायला उपयोगी पडणारं यंत्र प्रत्येकाच्या अंगावर चालू आहे ना, ते गाइडने एकेकाला समोरून चालवून बघितलं. माझं पिपिप वाजलं आणि मला उगाच पास झाल्यासारखं वाटलं.

मग पट्टे. दंतवैद्य आपले पट्टे छातीशी धरून ओढत होते आणि कापड फाटल्यासारखा आवाज येत होता. सेम्पाईंचेही तसेच. माझे मात्र नीट लाटलेल्या घडीच्या पोळीचे पदर सुटावे तसे अलगद सुटले. मी इकडेतिकडे बघून घेतलं, कुणाच्या लक्षात आलंय का ते. आकडे दोन्ही टोकांना अडकवले, ताणले, झालं. गाइड माझ्याकडे वळला, पण सेम्पाई म्हणाल्या, "यांचं सामान मी घरी तपासलंय," आणि किंचित झुकल्या. तो पुढे गेला.

पहिली वीस मिनिटं सपाट होती आणि मी आयुष्यात इतकी खूश क्वचित झाले असेन. बीच जातीची उंच, राखाडी झाडं, त्यांच्या फांद्यांवर जाड बर्फ, आणि आमच्या आठ फळ्यांचा सर्र सर्र आवाज. वाटलं, हे तर जमतंय. मग पहिला चढ आला. मी पाय पुढे टाकला आणि तो मागे आला. पुन्हा टाकला, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा अख्खी मीच मागे आले आणि दंतवैद्यांच्या पायांत जाऊन बसले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. सवयीने मी अंगणाला नावं ठेवायला तोंड उघडलं. "हे पट्टे जुने झालेत बहुतेक," मी म्हणाले.

गाइडने माझी फळी उलटी केली. पट्टा दोन आकड्यांच्या मध्ये दोरीवरच्या ओढणीसारखा लोंबत होता आणि मध्ये बर्फ भरला होता. त्याने बर्फ झटकला, पट्टा तळहाताने दाबला. सोडला की पट्टा खाली. पुन्हा दाबला, पुन्हा खाली.

"गोंद मेलाय," तो म्हणाला. "हा गोंदच पट्टा धरून ठेवतो. किती वर्षांचे आहेत?"

सेम्पाईंनी तो पट्टा हातात घेतला, जरा वेळ बघितला. "अकरा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आम्हा तिघांसमोर कमरेत वाकून माफी मागितली. "माझी चूक. दुसऱ्याला द्यायच्या वस्तूकडे मी नीट लक्ष दिलं नाही."

"तुमचे स्वतःचे?"

"त्याच दिवशी घेतलेले."

गाइडने वर बघितलं. वर झाडं संपत होती आणि डोंगराची उघडी सोंड सुरू होत होती. "मग तुमच्या पट्ट्यांचाही भरवसा नाही," तो म्हणाला. "वाऱ्यात, त्या चढावर सुटले तर मी काही करू शकणार नाही. आज परत जाऊ."

"हो," सेम्पाई म्हणाल्या. "तसंच करू."

गोंद हा शब्द ऐकला तेव्हाच मला सगळं कळलं होतं. ज्याला मी रोग समजून औषध लावलं, तोच त्या वस्तूचा जीव होता. कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं. मी भराभर हिशेब केला. पावडर बर्फाने बरीचशी धुऊन गेलीय. राहिलेली पांढरी आहे आणि इथे सगळंच पांढरं आहे. गप्प राहिले तर पट्टे म्हातारे होऊन मेले, एवढंच लोक म्हणतील. पट्टे काही उलटून बोलणार नाहीत. माझ्या ऑफिसातल्या सगळ्या चुका अशाच तर होत्या, तारखांवर, फायलींवर ढकललेल्या.

सेम्पाई वाकून आपल्या फळीचा पट्टा काढायला लागल्या. गुडघ्याला जपत, आधी एक पाय मागे घेऊन. काढता काढता त्यांनी मान वर करून त्या उघड्या सोंडेकडे एकदा पाहिलं. जास्त नाही, बस येतेय का बघावं तेवढंच. तीस वर्षं, दोन वर्षं थांबून, पुढे क्यूशू. आणि मध्ये मी आणि माझा टाल्कमचा डबा.

"थांबा," मी म्हणाले. हातातल्या काठ्या बाजूला रोवल्या आणि ऑफिसात उभी राहते तशी सरळ उभी राहिले. "पट्टे जुने झालेले नाहीत. मी त्यांना पावडर लावली."

"कसली पावडर?" गाइडने विचारलं.

"अंगाला लावायची. चंदनाची. चिकटू नयेत म्हणून."

दंतवैद्यांनी माझा पट्टा नाकाशी नेला आणि डोळे मिटून हुंगला. "खरंच की," ते म्हणाले. "अगदी आमच्या आजीच्या देव्हाऱ्यासारखा वास. मला सकाळपासून वाटतंय की आजी बरोबर आलीय."

मी थांबले नाही. रीत पूर्ण करायची होती. काय केलं ते सांगितलं. का केलं तेही सांगितलं, आईचे रेनकोट, माळा, जूनमधला गोळा, सगळं. मुलीने विचारलं होतं आणि मी तिला गप्प केलं, हेसुद्धा. पुढे काय करीन, तर ज्यातलं कळत नाही त्याला हात लावण्याआधी विचारीन. "सेम्पाईंच्या पट्ट्यांना मी हात लावलेला नाही. ते चांगले असणार. त्यांना वर जाऊ द्या. मी इथून फाटकापर्यंत एकटी परत जाते."

रेनकोटाच्या गोळ्यापाशीच गाइडचा बांध फुटला होता. तो मोजकं बोलणारा माणूस बर्फात खाली बसून हसत होता. मग उठला, डोळे पुसले आणि सेम्पाईंच्या पट्ट्याचं टोक फळीवर दाबून ओढून बघितलं. टर्रकन आवाज आला. पुन्हा दाबलं, पुन्हा टर्रकन. "हे जिवंत आहेत," तो म्हणाला. "आणि एकटं कुणी कुठे जायचं नाही."

पुढचा अर्धा तास माझ्या पट्ट्यांवर शस्त्रक्रिया चालली. दंतवैद्यांनी प्लास्टिकच्या पट्टीने पावडरीचा थर खरवडून काढला. हे काम आपण रोज करतो, फक्त इथे पेशंट तोंड मिटत नाही, असं ते म्हणाले. गाइडने एक पट्टा आपल्या जॅकेटच्या आत ठेवून गरम केला, दुसरा सेम्पाईंनी त्यांच्या. मग ते दाबून बसवले आणि वरून तीन-तीन ठिकाणी रबरी बंद आणि रुंद चिकटपट्टी गुंडाळली. माझ्या फळ्या बँडेज बांधलेल्या पायांसारख्या दिसत होत्या. पण घसरत नव्हत्या.

शिखरावर नाही पोचलो. बारा वाजता असू तिथून उतरायचं असं ठरलं होतं, आणि बारा वाजले तेव्हा आम्ही सोंडेच्या खांद्यावर होतो. उशीर माझ्यामुळेच झाला होता आणि ते मी आपणहून सांगितलं. एकदा जीभ वळली की वळते. बसून मी सगळ्यांना शेंगदाण्याची चिक्की दिली. थंडीने तिचा दगड झाला होता. दंतवैद्यांनी ती दाढेखाली धरली, विचार केला आणि आमच्या धंद्याला हे फार चांगलं आहे म्हणाले.

फळ्या जोडून बोर्ड झाले. सेम्पाई पहिल्या निघाल्या. ऑफिसात फाइल शेल्फवर ठेवतानाही आवाज न करणारी ती बाई बोर्डवर उभी राहिली आणि उतार तिला ओळखत असल्यासारखा तिच्यापुढे उलगडत गेला. एक मोठं वळण, एक छोटं, मागे हवेत उडालेला बर्फ. खाली झाडांपाशी थांबून त्यांनी दोन्ही हात वर केले. मला रडू आलं आणि मी ते गॉगलच्या आत राहू दिलं.

मग मी निघाले. तीनदा पडले. एकदा कमरेपर्यंत बर्फात रुतले आणि बाहेर यायला पंधरा मिनिटं लागली. पण मधली चार वळणं, तेवढी चार, अशी झाली की पायांखाली काही आहे असं वाटलंच नाही. खाली पोचल्यावर मी कुणालाही, अगदी बर्फालाही, नावं ठेवली नाहीत.

संध्याकाळी पायथ्याच्या गरम झऱ्यात आम्ही दोघी गळ्यापर्यंत बुडून बसलो होतो. सेम्पाई डोळे मिटून म्हणाल्या, "सकाळी वास आला तेव्हा वाटलं, तुम्ही अंगाला लावली असेल."

"आणि नंतर?"

"पट्टा हातात घेतला तेव्हा कळलं."

मला समजायला वेळ लागला. पट्टा त्यांच्या हातात होता तो माफी मागायच्या आधी. म्हणजे आपले पट्टे धडधाकट आहेत हे त्यांना माहीत होतं. तरी त्या वाकल्या आणि तरी 'परत जाऊ' म्हटल्यावर 'हो' म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. "तुमची शेवटची संधी होती."

"मी बोलले असते तर मी वर गेले असते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही पुन्हा कधी डोंगरात आला नसता. आठ वर्षं ओळखते मी तुम्हाला." मग म्हणाल्या, "बोर्ड परत आणू नका. क्यूशूत काय करू त्याचं?"

आठ वर्षं माझी ती निवेदनं ऐकून त्या मान हलवत होत्या, ती कशासाठी, ते मला तिथे, त्या गरम पाण्यात कळलं.

घरी पोचले तेव्हा नवरा खिचडीला फोडणी देत होता. मुलगी टेबलाशी बसली होती. "कसं झालं?" त्याने विचारलं.

"पट्टे सुटले," मी म्हणाले. आणि मग, "चूक माझी होती. हिने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

नवऱ्याने गॅस बंद केला. फोडणी अर्धवट राहिली तरी चालेल, असा त्याचा चेहरा होता. मुलीने पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत वाद घातला.

"नीट ऐकू नाही आलं, आई. परत म्हण."

मी परत म्हणाले. दुसऱ्यांदा तितकं जड गेलं नाही.